तांब्याच्या नाण्यांवरचे डाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांब्याच्या नाण्यावर डाग दिसला की हात आपोआप फडक्याकडे जातो. तो हात थांबावा आणि डोळे कामाला लागावेत, एवढ्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. डागापेक्षा साफसफाईनेच वाया गेलेली नाणी इतकी पाहायला मिळतात की जीव हळहळतो. यात ब्राँझची नाणीही धरली आहेत. आधुनिक नाण्यांच्या ब्राँझमध्ये साधारण ९५ टक्के तांबेच असते आणि डागांच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखीच वागतात.

डाग दिसला. सर्वांत आधी काय करू?

नाण्याला काहीही करू नका. ते कडेने धरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली घ्या, दिवा एका बाजूने तिरपा ठेवा आणि नाणे सावकाश कलते करत डाग न्याहाळा. तो पृष्ठभागावर बसला आहे, आत मुरला आहे, की तिथे खड्डाच पडला आहे? कोरडा आहे की चिकट? कड रेखीव आहे की रंग भोवताली पसरत चालला आहे? नंतर दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्यांवर तारीख घाला. महिन्याभराने त्याच उजेडात, त्याच कोनातून पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

डाग जिवंत आहे की मेलेला, हे आधी ठरवायचे. जिवंत डाग वाढतो, धातू खातो, आणि त्याला थांबवावेच लागते. मेलेला डाग नाण्याच्या आयुष्याचा भाग झालेला असतो. त्याला बहुतेक वेळा हात न लावणेच बरे. चिकट हिरवा थर किंवा फिकट हिरवी पूड दिसली तर मात्र महिनाभर वाट बघत बसू नका, ते नाणे त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळे करा.

नुसत्या रंगावरून डाग ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. लालसर तपकिरी छटा बहुधा क्युप्राइटची, म्हणजे तांब्यावर सर्वांत आधी बनणाऱ्या ऑक्साइडची असते. वर्षानुवर्षे ती गडद होत जाते आणि नाण्याला एकसारखा चॉकलेटी रंग येतो. हाच पॅटिना. तो खालच्या धातूचे रक्षण करतो, त्यामुळे त्याला डाग समजून घासणे म्हणजे नाण्याचे कवच काढून टाकणे. काळा रंग दुसऱ्या ऑक्साइडचा असतो किंवा गंधकाशी संयोग होऊन बनलेल्या कॉपर सल्फाइडचा. गडद, कडक हिरवा थर मॅलाकाइटचा आणि निळा अझुराइटचा. ही दोन्ही तांब्याची कार्बोनेटे असून दीर्घकाळ जमिनीत पुरलेल्या नाण्यांवर हमखास सापडतात.

नारिंगी गंज तांब्यावर येत नाही. तो दिसला तर चुंबक लावून बघा: आत पोलाद असेल, नाहीतर शेजारी ठेवलेल्या लोखंडी वस्तूचा गंज नाण्यावर उतरला असेल.

पण रंगावर सगळी भिस्त ठेवू नका. दोन डाग हुबेहूब एकाच रंगाचे असून एक निरुपद्रवी आणि दुसरा नाणे पोखरणारा असू शकतो. पोत पाहिल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही.

काळे बारीक ठिपके कशाचे असतात?

संग्राहक त्यांना ‘कार्बन स्पॉट’ म्हणतात; प्रत्यक्षात ते बहुधा तांब्याच्याच संयुगांचे असतात. कुठलातरी सूक्ष्म कण किंवा थेंब नाण्यावर पडतो, हवेतली ओल त्याच्याभोवती धरली जाते आणि तेवढ्या जागी तांबे झपाट्याने काळवंडते. नाणे समोर धरून बोलताना उडणारे थुंकीचे तुषार हे यातले फार मोठे कारण आहे. उडताना ते दिसत नाहीत, त्या दिवशी नाण्यावर काही दिसत नाही, आणि काही महिन्यांनी लखलखीत लाल पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढा काळा बिंदू उभा राहतो. भिंगाखाली त्याभोवती बहुतेकदा फिकट तपकिरी कडे दिसते. काही ठिपके मात्र टांकसाळीतलेच असतात. छाप पडण्याआधी कोऱ्या चकतीत एखादा परका कण दाबला गेलेला असतो.

घट्ट बसलेला काळा ठिपका कोणत्याही सुरक्षित उपायाने पूर्ण जात नाही. ॲसिटोनमध्ये तो विरघळत नाही. खरवडला तर खाली गुलाबी, खडबडीत खळगा निघतो आणि तो मूळ ठिपक्याहून जास्त डोळ्यांत भरतो. वरची घाण आणि तेलकटपणा काढणे, नाणे कोरड्या जागी ठेवणे आणि ठिपक्याची वाढ रोखणे इतकेच आपल्या हातात असते. नाणे हाताळताना तोंड बंद ठेवण्याची किंवा मास्क लावण्याची सवय लावून घ्या. नवे ठिपके पडू नयेत म्हणून याहून सोपा उपाय नाही.

हिरवा कळंक म्हणजे नाणे गेलेच का?

नाही. ‘हिरवा डाग’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळी प्रकरणे येतात आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत.

पहिला म्हणजे कडक, गुळगुळीत, पृष्ठभागाशी एकजीव झालेला हिरवा थर. लाकडी काडीने हलके दाबले तरी तो हलत नाही. तो स्थिर असतो. जुन्या, पुरलेल्या नाण्यांवर असा एकसारखा हिरवा पॅटिना असला तर जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. त्याला हात लावू नका.

दुसरा चिकट, तेलकट, पोपटी थर. तो अक्षरांच्या खाचांत आणि उठावाच्या कडेला साचतो, आणि बहुतेकदा नाण्यातून नव्हे तर पाकिटातून आलेला असतो. पीव्हीसीची मऊ पाकिटे जुनी होताना त्यांतून मऊपणासाठी घातलेली द्रव्ये आणि हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडते. ते तांब्याशी भिडले की हा राप तयार होतो. वेळीच लक्षात आला तर ॲसिटोनने तो पूर्ण निघतो. वर्षानुवर्षे राहिला तर खालचा धातू खाल्ला जातो आणि मग राप काढूनही पृष्ठभाग खरबरीतच राहतो.

तिसरा फिकट हिरव्या पुडीचा. काळ्या कागदावर नाणे हलकेच आपटले की पूड खाली पडते. पुसून टाकली तरी त्याच जागी पुन्हा उगवते. हा तिघांत सर्वांत वाईट.

‘ब्राँझ रोग’ म्हणतात तो हाच का?

हाच. त्याचे मूळ क्लोराइडमध्ये आहे. समुद्राचे पाणी, खारी जमीन, घाम किंवा चुकीचे रसायन यांतून क्लोराइड तांब्यात शिरते आणि पॅटिनाच्या खाली क्युप्रस क्लोराइड बनून बसते. ते फिकट राखाडी, मेणचट दिसते आणि कोरडे असेपर्यंत गप्प असते. हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचे हिरव्या पुडीत रूपांतर होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. हे आम्ल आणखी तांबे खाऊन पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवते. असे चक्र एकदा फिरू लागले की ओल मिळते तोवर ते थांबत नाही. नव्या संयुगाला जागा जास्त लागत असल्यामुळे वरचा पॅटिना उचकटतो आणि त्याच्यासोबत अक्षरेही सुटून येतात.

समुद्रातून वर काढलेली नाणी या बाबतीत विशेष नाजूक असतात. ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सच्या वाळूत बुडाले. त्यावर बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडलेली, १८०८ सालाची १० आणि २० कॅश मूल्याची (कॅश हे तेव्हाचे एक लहान चलन) तांब्याची नाणी होती. १९८० च्या दशकात ती मोठ्या संख्येने वर काढली गेली आणि आज ती जगभरच्या संग्रहांत आहेत. अशा नाण्याच्या आत मीठ शिल्लक असू शकते, म्हणून विकत घेतल्यावर पहिली काही वर्षे त्याच्यावर लक्ष ठेवायलाच हवे.

त्यावर उपाय काय?

घरच्या घरी करता येण्याजोगा सर्वांत खात्रीचा उपाय कोरडेपणा. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की हे चक्र जवळपास थंडावते. ३५ च्या आसपास राहिली तर अधिक निर्धोक. घट्ट झाकणाचा डबा, त्यात भरपूर सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागते. सिलिका जेल ओलावला की भट्टीत साधारण १२० अंश सेल्सियसला तापवून पुन्हा वापरता येतो.

वस्तुसंग्रहालयांतले संवर्धक पुढची पायरी म्हणून सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात नाणे आठवडे किंवा महिने भिजवून क्लोराइड बाहेर काढतात, किंवा बेंझोट्रायाझोलच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाने धातूवर संरक्षक पापुद्रा बसवतात. पहिल्या पद्धतीत पॅटिनाचा रंग बदलू शकतो; दुसरे रसायन अंगावर घेण्यासारखे नाही, त्यासाठी हातमोजे आणि खेळती हवा लागतेच. मोलाच्या नाण्यावर हे प्रयोग स्वतः करू नका, संवर्धकाकडे द्या.

एका नाण्याचा रोग दुसऱ्याला लागतो का?

हा जंतूंचा रोग नाही. पण क्लोराइडची पूड शेजारच्या नाण्यावर सांडली तर तिथेही तेच सुरू होऊ शकते. म्हणून आजारी नाणे वेगळ्या डब्यात ठेवा.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, चांदी उजळण्याचे द्रावण… यांनी नाणे चकचकीत होते, मग अडचण काय?

नाणे चकचकीत होते, आणि त्याच क्षणी त्याचे संग्राह्य मूल्य घसरते. याचे कारण भिंगाखाली स्पष्ट दिसते. नाण्यावर छाप पडताना धातू प्रचंड दाबाखाली मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा उमटतात. कोरे नाणे दिव्याखाली फिरवले की उजेडाचे पट्टे मध्याभोवती गरगरतात, ते या रेषांमुळे. टांकसाळीची मूळ झळाळी म्हणतात ती हीच. आम्ल ऑक्साइडबरोबर या रेषाही खाते. मागे उरतो तो मंद, गुलाबी, एकसुरी पृष्ठभाग, जो कोणत्याही वयाच्या तांब्यावर निसर्गतः येत नाही. टूथपेस्ट आणि भांडी घासायची पावडर यांनी बारीक ओरखडे पडतात, ते वेगळेच.

शिवाय आम्लाने उघडे पडलेले तांबे फार लवकर पुन्हा काळवंडते, तेही ठिगळाठिगळाने. लिंबासोबत मीठ वापरले असेल तर क्लोराइडही आपणच आत सोडलेले असते. चांदीसाठीचे द्रावण तांब्याला कधीही लावू नये.

ॲसिटोन मग चालते कसे?

कारण ते धातूला नव्हे तर त्यावरच्या सेंद्रिय घाणीला विरघळवते: पीव्हीसीचा राप, जुने व्हार्निश, गोंद, तेल. ऑक्साइड, कळंक, कार्बन स्पॉट यांवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे तशी अपेक्षा ठेवून ते वापरू नका. ॲसिटोन शुद्ध हवे. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रंग, सुगंध आणि तेले घातलेली असतात, ते चालणार नाही.

काचेच्या दोन बशा घ्या. प्लॅस्टिकची भांडी विरघळू शकतात. पहिल्या बशीत नाणे बुडवून झाकण ठेवा, काही मिनिटांनी बशी हलकेच हलवा, नाणे उलटा, लागल्यास जास्त वेळ राहू द्या. नंतर दुसऱ्या बशीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवून काढा आणि कडेवर उभे करून हवेत वाळू द्या. कुठेही घासायचे नाही, पुसायचे नाही. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी अजिबात नको, कारण ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. तांब्याचे बरेच संग्राहक ॲसिटोनऐवजी झायलीन पसंत करतात. ते हळू काम करते, पण त्याची वाफ अधिक त्रासदायक असते, म्हणून ते घराबाहेरच वापरावे लागते.

पाण्यात विरघळणाऱ्या घाणीसाठी डिस्टिल्ड वॉटर वापरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पाण्यानंतर ॲसिटोनमध्ये एकदा बुडवले की उरलेले पाणी निघून जाते आणि वाळताना डाग पडत नाहीत.

तेलात भिजत ठेवावे का?

ऑलिव्ह तेल हा जुना उपाय आहे. मातीचे घट्ट थर त्याने मऊ होतात हे खरे, पण त्यातली मेदाम्ले तांब्यावर हळूहळू काम करतात, रंग गडद होतो, आणि तेल पुढे खवट होते. भिजवायचेच असेल तर शुद्ध मिनरल ऑइल वापरावे, ते तांब्याशी काही करत नाही. ॲसिटोनसारख्या सॉल्व्हंटने (विद्रावकाने) धुतलेले तांबे अगदी उघडे असते, म्हणून त्यानंतर मिनरल ऑइलचा नावापुरता हात फिरवणारे संग्राहक अनेक आहेत. ते थेंबभरही जास्त होऊ देऊ नका. ओलसर तेल धूळ धरते.

काडीने किंवा सुईने कळंक काढता येईल का?

सुईने कधीच नाही. पोलाद तांब्याहून कठीण असते आणि एका निसटत्या क्षणात कायमचा ओरखडा पडतो. गुलाबाचा काटा किंवा बांबूची टोकदार काडी तांब्याहून मऊ असते. मिनरल ऑइलमध्ये बरेच दिवस भिजवून मऊ पडलेला कळंक द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली काट्याने कणाकणाने सुटतो, आणि सरावलेल्या हाताने केलेले हे काम पाहणे हा एक आनंद आहे. पण आधी चलनातल्या, बिनमोलाच्या नाण्यांवर पुष्कळ सराव करा, आणि खाली खड्डा निघणारच हे गृहीत धरा. कळंक म्हणजे तांबेच. जेवढा कळंक बनला, तेवढा धातू गेलेला आहे.

बोटाचा ठसा उमटला आहे. जाईल का?

त्याच दिवशी ॲसिटोनमध्ये बुडवले तर बहुधा वाचेल. आठवडे उलटून ठसा तपकिरी रेषांनी दिसू लागला असेल, तर त्वचेतले मीठ आणि आम्ले तांब्याशी संयोग पावली आहेत आणि तो आता नाण्याचाच भाग झाला आहे.

डागामुळे नाण्याची ग्रेड, म्हणजे अवस्थेचा दर्जा, किती उतरते?

ते डाग कुठे आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. राजाच्या गालावरचा एक ठिपका किनारीजवळच्या पाच ठिपक्यांपेक्षा महागात पडतो. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० अशी श्रेणी मांडली, ती मुळात अमेरिकेच्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठीच होती; आज ती सगळ्या नाण्यांना लावतात. तांब्याला त्याजोडीला रंगाचीही वर्गवारी असते: मूळ लाली साधारण ९५ टक्के टिकली असेल तर रेड, ५ टक्क्यांहून कमी उरली असेल तर ब्राऊन आणि मधली सगळी रेड-ब्राऊन. नैसर्गिक डाग असलेल्या नाण्याला ग्रेड मिळते. घासलेल्या नाण्याला मात्र नुसते ‘डीटेल्स’ असे लिहून मिळते, आकडा मिळत नाही.

नाणे स्लॅबमध्ये बंद आहे, म्हणजे आता चिंता नाही ना?

स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनी नाणे तपासून ज्यात बंद करते ती कडक प्लॅस्टिकची पेटी. ती पूर्ण हवाबंद नसते. आत जाण्याआधी पृष्ठभागावर जे होते ते आतही काम करत राहते. ग्रेडिंग कंपन्याही हे जाणून आहेत. पीसीजीएस या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीने २०१० पासून तांब्याच्या नाण्यांचा रंग आपल्या हमीतून वगळला आहे. स्लॅबही कोरड्या जागीच ठेवा.

कशात ठेवू?

पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन चालते. नव्या रेक्झिनसारखा वास येणारे, मऊ, लवचीक पाकीट बहुधा पीव्हीसीचे असते. शंका असेल तर तांब्याची तार ज्योतीत तापवा, गरम टोक पाकिटाच्या कापलेल्या तुकड्याला टेकवा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. धूर विषारी असतो, तेव्हा हे उघड्यावरच करा. ओकसारख्या लाकडाच्या कपाटातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघत राहते, रबर आणि लोकर गंधक सोडतात, ताज्या ऑइलपेंटचाही त्रास होतो. धातूचे कपाट चांगले.

नाण्यावर लांब तपकिरी रेघा आहेत, त्या डागच का?

रेघा एकाच दिशेने, चित्रातून आणि अक्षरांतून आरपार जात असतील तर मिश्रधातू नीट एकजीव न झाल्याची ती खूण आहे. लाकडाच्या रेषांसारख्या दिसतात. त्या टांकसाळीतल्या आहेत, वाढत नाहीत.

नव्या नाण्यांवर फोड का येतात?

कारण ती आतून तांब्याची नसतात. अमेरिकेचा सेंट १९८२ पासून ९७.५ टक्के जस्ताचा आहे, वर तांब्याचा पातळ मुलामा. मुलाम्याला बारीकशी चीर गेली की आतले जस्त गंजते, पांढरट पूड आणि फुगवटे दिसतात. ब्रिटनचे एक आणि दोन पेन्स १९९२ पासून, तसेच युरोचे १, २ आणि ५ सेंट हे पोलादावर तांबे चढवलेले असतात. त्यांवर नारिंगी गंज फुटतो. यांवर इलाज नाही, कोरडे ठेवणे एवढेच.

विकत घेताना फसगत कशी टाळावी?

फोटोत नाण्यावर चकाकीचा मोठा पट्टा मुद्दाम आणला असेल तर त्याखाली काय आहे ते विचारा आणि वेगळ्या कोनातून फोटो मागा. अक्षरांच्या खाचा बघा, कळंक तिथेच लपतो. फार जुने नाणे एकसारखे नारिंगी-गुलाबी दिसत असेल तर ते धुतलेले समजा. पृष्ठभाग तेलकट दिसत असेल तर तेलाखाली खरबरीतपणा दडलेला असू शकतो. कृत्रिम रंग दिलेल्या नाण्यावर उंच भाग आणि खोल भाग एकाच छटेचे दिसतात. नैसर्गिक पॅटिनात झिजलेला उंच भाग नेहमी थोडा वेगळा असतो.

डाग असलेले नाणे विकताना काय सांगायला हवे?

डाग कुठे आहे, तो कधीपासून दिसतो, आणि नाण्याला ॲसिटोन, तेल किंवा आणखी काही लावले असेल तर तेही. डागाचा जवळून घेतलेला फोटो द्या. जुने तारीखवार फोटो असतील तर तेही सोबत द्या; डाग वाढत नाही याचा याहून चांगला पुरावा खरेदीदाराला मिळत नाही, आणि नाणे त्याच्याकडे गेल्यावर लक्ष कशावर ठेवायचे तेही त्याला कळते.